सांधे जोडणारं शतक: ब्रिटनची विसाव्या शतकातली रेल्वे

पुण्याहून मनमाडकडे रेल्वेने गेलेल्या कुणालाही दौंड आठवत असेल. गाडी स्टेशनात शिरायची, पुढचं इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला जाऊन लागायचं, आणि मग गाडी आली तिकडेच परत निघाल्यासारखी निघायची. तेवढ्यात चहा होऊन जायचा. गाडी सुटली की मघापर्यंत पुढे तोंड करून बसलेली माणसं पाठमोरी प्रवास करू लागायची. आता तिथे कॉर्ड लाईन आहे. ज्या गाडीला दौंड स्टेशनात जायचं नाही ती त्या वळणावरून थेट निघते. नकाशात हा तुकडा शोधायलासुद्धा डोळे बारीक करावे लागतात, पण गाड्यांचं वेळापत्रक मात्र अशाच तुकड्यांवर उभं असतं.

विसाव्या शतकातली ब्रिटिश रेल्वे समजून घ्यायची असेल तर हे दौंड डोक्यात ठेवावं. त्या देशाने लांबलचक लाईन्स टाकायचं काम एकोणिसाव्या शतकातच जवळजवळ संपवलं होतं. विसाव्या शतकात त्याने प्रामुख्याने सांधे जोडले: कुठे वळण, कुठे पूल, कुठे शॉर्टकट, तर कुठे संकटातून काढलेली पळवाट. या तुकड्यांकडे फारसं कुणी पाहत नाही. मला मात्र रेल्वेच्या इतिहासातला सगळ्यात जिवंत भाग तोच वाटतो.

न्यूकॅसलपासून सुरुवात करू, कारण ते ब्रिटनचं दौंड होतं. टाईन नदीच्या उत्तर काठावर न्यूकॅसल, दक्षिण काठावर गेट्सहेड. दोहोंना जोडणारा हाय लेव्हल पूल रॉबर्ट स्टीफन्सनने बांधला, 1849 मध्ये. वरून रेल्वे, खालून रस्ता असा हा दुमजली पूल आजही उभा आहे. अडचण पुलाच्या जागेची होती. लंडनहून आलेली गाडी पूल ओलांडून सेंट्रल स्टेशनात शिरायची ती पूर्वेच्या टोकाने. पुढे एडिंबराला जाणारी लाईनही निघायची पूर्वेच्याच टोकाने. म्हणजे शिरायचं आणि बाहेर पडायचं दार एकच. देशातल्या सर्वात महत्त्वाच्या मार्गावरची प्रत्येक गाडी तिथे थांबायची, इंजिन बदलायचं आणि गाडी उलटी निघायची. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्यांची गर्दी त्या एकाच तोंडाशी व्हायची.

उपाय साधा होता, पण त्यासाठी नदीवर आणखी एक पूल लागणार होता. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर चार्ल्स हॅरिसन याने चार रुळांचा नवा पूल आखला आणि तो स्टेशनच्या पश्चिमेच्या टोकाला नेऊन भिडवला. 1906 च्या जुलैमध्ये राजा सातवा एडवर्ड याने त्याचं उद्घाटन केलं, पुलाला नावही त्याचंच मिळालं. आता गाडी पश्चिमेने आत येते, पूर्वेने बाहेर पडते. जुना आणि नवा पूल मिळून नदीच्या दोन्ही काठांना कवेत घेणारं एक कडंच तयार झालं आहे. नकाशात पाहिलं तर जेमतेम एका नदीची रुंदी भरून निघाली. परिणाम मात्र लंडन ते एडिंबरा या सगळ्या मार्गावर झाला.

अशा उणिवा मुळात राहिल्या कशा, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. ब्रिटनची रेल्वे सरकारने आखलेली नाही. खासगी कंपन्यांनी पार्लमेंटकडून एकेका लाईनचा कायदा करून घेतला आणि प्रतिस्पर्ध्याच्या नाकावर टिच्चून रूळ टाकले. प्रत्येकीचं स्टेशन वेगळं, यार्ड वेगळं. कित्येक ठिकाणी दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांच्या वरून-खालून जायचे, पण एकमेकांना मिळायचे नाहीत, कारण मिळवण्यात कुणाचाच फायदा नव्हता. 1923 मध्ये या कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या, 1948 मध्ये सगळं राष्ट्राच्या मालकीचं झालं. मालक एक झाला तरी रूळ तसेच तुटक राहिले. ते सांधणं हेच पुढच्या पिढ्यांचं काम ठरलं.

जुन्या पद्धतीची शेवटची मोठी उडी 1899 ची, ग्रेट सेंट्रल रेल्वेची. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनपर्यंत आलेली ही नवी मुख्य लाईन. तिच्यामागे एडवर्ड वॉटकिन नावाचा जबरदस्त महत्त्वाकांक्षी माणूस होता. मँचेस्टरहून निघालेली गाडी लंडनमार्गे समुद्राखालच्या बोगद्यातून थेट पॅरिसला जावी, हे त्याचं स्वप्न. 1880 च्या दशकात त्याने बोगद्याचं खोदकाम सुरूही केलं होतं. बोगद्यातून शत्रूचं सैन्य येईल या भीतीने सरकारने ते थांबवलं. या लाईनकडे शेवटी परत यायचं आहे, म्हणून नाव लक्षात असू द्या.

शतक सुरू झालं तेव्हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेला लोक तिच्या आद्याक्षरांवरून ‘ग्रेट वे राऊंड’ म्हणत, म्हणजे लांबचा फेरा. ते खरंच होतं. लंडनहून एक्सेटर-प्लिमथला जायचं तर आधी ब्रिस्टलला वळसा, बर्मिंगहॅमला जायचं तर ऑक्सफर्डचा वळसा. कंपनीने हा डाग पुसायला सलग दहा वर्षं घेतली, आणि तिची पद्धत शिकण्यासारखी आहे. पश्चिमेला जायला संपूर्ण नवी लाईन न टाकता तिने आधीपासून असलेल्या शाखा निवडल्या, त्या मजबूत केल्या, आणि फक्त मधल्या गाळलेल्या जागा भरल्या. 1900 मध्ये स्टर्ट ते वेस्टबरी हा तुकडा झाला, 1906 मध्ये कॅसल केरी ते लँगपोर्ट. दोन-तीन तुकडे जोडले गेले आणि ज्या शाखांवर आजवर सावकाश लोकल धावत होत्या, त्यांचीच मिळून लंडन ते कॉर्नवॉल अशी मुख्य लाईन तयार झाली. अंतर सुमारे 32 किलोमीटरने घटलं. साउथ वेल्सच्या गाड्यांसाठी बॅडमिंटनवरून जाणारी लाईन 1903 मध्ये झाली होती. बर्मिंगहॅमचा शॉर्टकट 1910 मध्ये बिस्टरमार्गे झाला आणि तिथे सुमारे 30 किलोमीटर वाचले. त्यानंतर लंडन-बर्मिंगहॅम प्रवास दोन तासांत होऊ लागला.

बिस्टरच्या या लाईनवर एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे: एन्होचा जोड. दोन लाईन्स मिळतात तिथे सांधा टाकला की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण दुहेरी मार्गाला दुहेरी मार्ग मिळतो तेव्हा नव्या लाईनच्या एका रुळाला जुन्या लाईनचा समोरून येणारा रूळ आडवा कापूनच जावं लागतं. ती गाडी कापत असेपर्यंत समोरची गाडी सिग्नलला उभी. दिवसाला दहा गाड्या असतील तर चालून जातं. शंभर झाल्या की तो जोड म्हणजे भर बाजारातला चौक होतो, आणि एका गाडीचा उशीर चारही दिशांना पसरतो. म्हणून एन्होला एक रूळ उचलून पुलावरून पलीकडे नेला. रेल्वेचा हा फ्लायओव्हर. बांधायला महाग, पण एकदा झाला की गाड्या एकमेकींची वाट अडवत नाहीत.

पुढची मोठी जोडणी महायुद्धाने केली. 1940-41 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, आणि देशातले बहुतेक मुख्य मार्ग तर लंडनलाच येऊन मिळत होते. दारूगोळा, कोळसा, सैनिक यांना लंडन टाळून जाता यावं यासाठी जिथे दोन जुन्या लाईन्स एकमेकींना ओलांडत होत्या तिथे घाईने वळणं टाकली गेली. बकिंगहॅमशरमधल्या कॅल्व्हर्टला ग्रेट सेंट्रलची लाईन आणि ऑक्सफर्ड-ब्लेचली लाईन यांना जोडणारं वळण 1940 मध्ये झालं. प्लिमथजवळ सेंट ब्यूडोला दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची स्टेशनं शेजारी-शेजारी होती आणि रूळ मात्र वेगळे. प्लिमथवर भयंकर बॉम्बहल्ले झाले त्याच 1941 मध्ये तिथे जोड टाकला, म्हणजे एक वाट उद्ध्वस्त झाली तर गाडी दुसरीवरून काढता यावी. नफा-तोट्याच्या हिशेबात इतकी वर्षं जे बसलं नव्हतं ते युद्धाने चटकन करून टाकलं. आज गनिस्लेकला जाणारी टेमर खोऱ्यातली छोटी गाडी त्याच जोडावरून जाते. तो नसता तर बाकीच्या लाईन्स बंद पडल्यावर ही शाखाही गेली असती, असं मला वाटतं.

युद्धानंतर 1955 मध्ये आधुनिकीकरणाची मोठी योजना आली. वाफेची इंजिनं जाऊन डिझेल आणि वीज येणार होती. त्याच काळात ब्लेचलीला काँक्रीटचा मोठा फ्लायओव्हर उभा राहिला. ऑक्सफर्डकडून केंब्रिजकडे जाणाऱ्या मालगाड्यांनी लंडन-ग्लासगो मुख्य लाईन अडवू नये, वरून निघून जावं, ही कल्पना होती. कल्पना चुकीची नव्हती, पण मालवाहतूक तोवर ट्रकवर सरकू लागली होती. 1963 मध्ये रिचर्ड बीचिंग याचा लाईन्स बंद करण्याबाबतचा अहवाल आला, आणि 1967 च्या अखेरीस ऑक्सफर्ड ते केंब्रिज ही प्रवासी सेवाच संपली. ब्लेचली ते बेडफर्ड एवढा मधला तुकडा वाचला. फ्लायओव्हर जवळपास रिकामा राहिला. अनेकांनी त्याला पैशाचा चुराडा म्हटलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज पुन्हा जोडायचं ठरलं, आणि 2020 नंतर त्याच फ्लायओव्हरचे जुने गाळे काढून तो नव्याने बांधला गेला. जोड टाकून ठेवला होता म्हणून जागा राखली गेली होती. ती मध्ये विकली गेली असती, तिथे इमारती आल्या असत्या, तर आज काय केलं असतं?

लंडनच्या भुयारी रेल्वेचा पसारा इतका आहे की तो इथे मावणार नाही. एकच उदाहरण देतो. 1968 ते 1971 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झालेली व्हिक्टोरिया लाईन. तिच्यावर 16 स्टेशनं आहेत आणि पिम्लिको सोडलं तर प्रत्येक ठिकाणी दुसरी कुठलीतरी गाडी मिळते. म्हणजे ही लाईन आखतानाच सांधे जोडण्यासाठी आखली. ऑक्सफर्ड सर्कसला बेकरलू लाईनच्या गाडीतून उतरायचं, फलाट आडवा चालायचा, की समोर व्हिक्टोरियाची गाडी. जिना नाही, पूल नाही. दादरच्या पुलावरून मध्य ते पश्चिम अशी रोज धाव घेतलेल्या माणसाला या दहा पावलांची किंमत वेगळी सांगायला नको.

काही जोड मात्र दुःखातून झाले. स्कॉटलंडच्या सीमेजवळ पेनमनशील नावाचा 1840 च्या दशकातला छोटा बोगदा होता. उंच कंटेनर त्यातून जावेत म्हणून त्याची जमीन खाली घेण्याचं काम चालू होतं. 17 मार्च 1979 रोजी आतला भाग कोसळला. 13 कामगार निसटले, दोघे आत राहिले. डोंगर इतका अस्थिर होता की त्यांचे देह बाहेर काढता आले नाहीत. बोगदा कायमचा बंद केला गेला. तीच त्यांची समाधी झाली, वर एक स्मारक आहे. लंडन-एडिंबरा मार्ग तुटला तो तुटलाच. इंजिनिअरांनी बोगद्याचा नाद सोडून शेजारून टेकडी उघडी कापली आणि त्यातून नवे रूळ नेले. ऑगस्टमध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आज त्या खिंडीतून गाडी काही सेकंदांत निघून जाते.

आता सेल्बी. माझ्या मते शतकातलं सगळ्यात देखणं काम हे आहे, आणि त्याचं कारण जमिनीच्या पोटात होतं.

यॉर्कच्या दक्षिणेला सेल्बी गावाखाली 1960 च्या दशकात कोळशाचा मोठा साठा सापडला. नेमकी त्याच जमिनीवरून लंडन-एडिंबरा मुख्य लाईन जात होती. खोल खाणीत कोळसा काढण्याची जी पद्धत तिथे वापरायची होती तिच्यात थर लांबच लांब पट्ट्यांत पूर्ण काढून घेतात आणि मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. त्यामुळे वरची जमीन हळूहळू बसते. शेताला किंवा रस्त्याला ते एक वेळ चालतं. ताशी 200 किलोमीटरने गाडी जाणार असेल तर रुळाखालची जमीन थोडीशी जरी एका बाजूला खचली तरी चालत नाही. मग दोनच वाटा उरल्या. एक, लाईनखाली कोळशाचा रुंद पट्टा न काढता सोडून द्यायचा. दुसरी, लाईनच उचलून दुसरीकडे न्यायची.

हिशेब झाला. जमिनीत सोडून द्याव्या लागणाऱ्या कोळशापेक्षा नवी लाईन स्वस्त पडत होती. खर्च नॅशनल कोल बोर्डाने, म्हणजे कोळसा काढणाऱ्या सरकारी मंडळाने उचलला: सुमारे 6 कोटी पौंड. टेंपल हर्स्ट ते कोल्टन अशी सुमारे 23 किलोमीटरची नवी लाईन साठ्याच्या पश्चिमेने गेली आणि ऑक्टोबर 1983 मध्ये सुरू झाली. रेल्वेला हा दुहेरी लाभ होता. जुन्या मार्गावर सेल्बीला ऊझ नदीवर फिरता पूल होता. जहाज आलं की तो बाजूला वळायचा, आणि एरवीही त्यावरून गाडीला ताशी 65 किलोमीटरच्या आसपासच वेग घेता यायचा. ताशी 200 ने आलेली गाडी तिथे ब्रेक लावायची, रांगत पूल ओलांडायची, आणि पुन्हा वेग घ्यायला कित्येक किलोमीटर खर्ची घालायची. नव्या लाईनवर असं काहीच नव्हतं. सपाट, सरळ, मोठ्या वळणांची, आणि सुरुवातीपासूनच त्या वेगासाठी आखलेली. ब्रिटनमध्ये असा तुकडा याआधी बांधला गेला नव्हता.

सेल्बीची खाण 2004 मध्ये बंद झाली. एकवीस वर्षांत काम संपलं. लाईन आहे, तिच्यावरून रोज गाड्या धावतात. आणि यॉर्क ते सेल्बी जो जुना मार्ग रिकामा झाला त्यावर सायकलची वाट झाली आहे. तिच्या कडेने सूर्यापासून प्लूटोपर्यंतचे ग्रह खऱ्या अंतरांच्या प्रमाणात मांडले आहेत. जिथून एकेकाळी एडिंबराची एक्सप्रेस जायची तिथे आता लेकरं शनी ते युरेनस हे अंतर पायडल मारून मोजतात.

1980 च्या दशकात पैसा आटला होता, आणि त्यामुळेच जोडणीची किंमत लोकांना कळली असं मला वाटतं. मँचेस्टरची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची रेल्वे कायम तुटलेली होती; व्हिक्टोरिया स्टेशन एका जगाचं, पिकाडिली दुसऱ्या. दोन्हींना जोडणाऱ्या भुयाराची योजना 1970 च्या दशकात बारगळली. मग 1980 च्या दशकाच्या अखेरीस साल्फर्डला विंडसर लिंक हा छोटासा जोड टाकला, आणि बोल्टनकडची गाडी पिकाडिलीला पोहोचू लागली. हेझल ग्रोव्हला 1986 मध्ये आणखी एक छोटी कॉर्ड झाली. तिच्यामुळे शेफील्ड-मँचेस्टर गाड्यांना स्टॉकपोर्ट मिळालं. पण जोडाची एक दुसरी बाजूही इथेच दिसते. वाट मोकळी केली की गाड्या तिकडे वळतात, आणि मग पुढचा अरुंद भाग तुंबतो. पिकाडिलीच्या कडेच्या दोन फलाटांकडे जाणारा कॅसलफील्डचा दुपदरी मार्ग आज देशातल्या सर्वात कोंडलेल्या मार्गांपैकी आहे.

लंडनमध्ये स्नो हिल बोगदा 1866 पासून होता. प्रवासी गाड्या पहिल्या महायुद्धात थांबल्या, पुढे रूळही उखडले गेले. 1988 मध्ये ते पुन्हा टाकले आणि थेम्सच्या उत्तरेची व दक्षिणेची लोकल एकच झाली. खोदकाम जवळजवळ काहीच नव्हतं, खरी अडचण विजेची होती. उत्तरेला डोक्यावरच्या तारेतून 25,000 व्होल्ट एसी, दक्षिणेला बाजूच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट डीसी. म्हणून दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या बांधल्या. गाडी फॅरिंग्डनला उभी राहते तेवढ्यात वीज बदलते आणि प्रवाशाला पत्ताही लागत नाही. मुंबईच्या लोकल डीसीवरून एसीवर जात होत्या त्या वर्षांत आपल्याकडेही अशा दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या धावल्या आहेत.

आणि 6 मे 1994 रोजी वॉटकिनचा बोगदा अखेर झाला. पन्नास किलोमीटरचा, इंग्लंड आणि फ्रान्सला जोडणारा. फ्रान्सच्या बाजूला ताशी 300 किलोमीटरची नवी लाईन तयार होती. इंग्लंडच्या बाजूला गाडी बाहेर पडायची आणि केंटमधल्या जुन्या लोकलच्या रुळांवर, लोकलच्या मागेपुढे, तिसऱ्या रुळातून वीज घेत लंडन गाठायची. तिथली वेगवान लाईन व्हायला 2003 आणि 2007 असे दोन टप्पे लागले. मोठा जोड बांधला, आणि त्याला जोडणारा तुकडा राहिला.

ज्या लाईनवरून ही गाडी मँचेस्टरला जावी असं वॉटकिनला वाटत होतं, ती ग्रेट सेंट्रल तोवर उरली नव्हती. 1966 मध्ये तिच्यावरचा थेट प्रवास संपला आणि बहुतेक रूळ उचलले गेले. कॅल्व्हर्टचं युद्धातलं वळण मात्र मालगाड्यांसाठी पुढेही दशकानुदशकं वापरात राहिलं. आज त्याच कॅल्व्हर्टला लंडन-बर्मिंगहॅम वेगवान रेल्वेचं काम चालू आहे, काही अंतर वॉटकिनच्याच जुन्या भरावाला धरून. ऑक्सफर्डहून केंब्रिजकडे जाणारी, नव्याने उभी राहणारी लाईनही तिथूनच जाते. दोन्ही मार्ग कॅल्व्हर्टला एकमेकांना ओलांडतात. देखभालीच्या यार्डासाठी रूळ जोडायचे ठरले आहेत. प्रवाशांसाठी तिथे स्टेशन नाही.